अर्जाची पोच घेऊन ठेव

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. खाली नाव नव्हतं, आणि का नव्हतं ते कळलं. आपल्या मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. तुझ्यासाठी कुठलं रूप वापरायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून या पत्रात तशी क्रियापदं मी टाळली आहेत. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, पुढचं पत्र तसं लिहीन.

आपण ट्रान्सजेंडर आहोत, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आपलं नाही, हे कॉलेजात कोणाला सांगायचं, असं विचारलं आहेस. सगळ्यांना सांगायची घाई अजिबात नको. आधी एकच माणूस शोध. एखाद्या शिक्षकाला किंवा समुपदेशकाला दोन-तीनदा साध्या कामासाठी भेट. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या घरच्या गोष्टी ते तुझ्यासमोर बोलतात का, ते बघ. बोलत असतील, तर तुझी गोष्ट तिथे ठेवू नकोस.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. माझ्या वर्गातली एक मुलगी सत्राच्या सुरुवातीला स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, “मॅडम, मस्टरवर जे नाव आहे ते प्लीज वाचू नका.” मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. दोन दिवसांनी छापील मस्टर उघडलं आणि ओळीने नावं वाचत गेले. त्या नावाला कोणी ‘हजर’ म्हटलं नाही. मी मान वर न करता तेच नाव पुन्हा, जरा मोठ्याने वाचलं. पुढच्या बाकांवरची मुलं मागे वळली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती वहीच्या कोपऱ्याकडे बघत होती. त्यानंतर ती माझ्या तासाला बसली नाही. तिने सांगितलं तेव्हाच मी पेन्सिलीने मस्टरवर नवं नाव लिहून ठेवलं असतं, तर हे टळलं असतं. ते अजून मला लागतं.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे: जे मागशील ते कागदावर माग. चांगली माणसंसुद्धा तोंडी सांगितलेलं विसरतात, आणि वाईट माणसं ‘असं कोणी सांगितलंच नव्हतं’ म्हणतात. प्राचार्यांच्या नावे अर्ज कर. ‘माझे रोजच्या वापरातील नाव अमुक आहे. हजेरीत, ओळखपत्रावर आणि वर्गाच्या ग्रुपवर तेच वापरावे,’ एवढं पुरे. कारणांचं पुराण नको, वैद्यकीय इतिहास तर मुळीच नको. दोन प्रती ने. एक आवक विभागात दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. ती पोच जपून ठेव.

त्याच अर्जात आणखी एक ओळ घाल, ही बहुतेक जण विसरतात: ‘याबाबत घरच्या पत्त्यावर किंवा पालकांच्या मोबाइलवर काहीही कळवू नये.’ घरी माहीत नसेल, तर कॉलेजच्या नोंदीत कोणाचा नंबर आहे ते आजच तपास. हजेरीचे मेसेज तिथेच जातात.

हॉल तिकीट आणि गुणपत्रिका यांचं गणित वेगळं आहे. त्या विद्यापीठाकडून येतात. तिथलं नाव बदलायला साधारणपणे राजपत्रातली नोंद लागते, आणि दहावी-बारावीच्या कागदांवर जुनंच नाव राहिलं तर पुढे दर खिडकीवर तोच प्रश्न येतो. हे काम महिनोन्‌महिने चालतं, म्हणून परीक्षेचा फॉर्म भरायच्या कितीतरी आधी सुरू कर. तोवर परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांना भेटून ‘फोटोतली आणि समोरची व्यक्ती एकच आहे’ असं प्राचार्यांचं पत्र देऊन ठेव. पेपर हातात पडायच्या वेळी पर्यवेक्षकाला स्वतःबद्दल समजावत बसणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

कोणी ‘असा नियम कुठे आहे?’ म्हटलं, तर उत्तर तयार ठेव. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम ३ शिक्षणात भेदभाव करायला मनाई करतं, आणि कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. तुझ्या कॉलेजात तो कोण, हे लेखी विचार. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना आणि लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाला स्पष्टपणे घेतलं आहे. एखाद्याला मुद्दाम वाळीत टाकणं हेही त्यात येतं. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा. ती फक्त मुलींसाठी असते असं कोणी म्हटलं, तर आयोगाचे २०१५ चे विनियम दाखव, त्यांत तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे.

जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्राबद्दल: काही शिष्यवृत्त्यांना ते लागतं, पण वर्गात माणसासारखं वागवलं जाण्यासाठी लागत नाही. अर्ज करायचा असेल तेव्हा त्या दिवशी लागू असलेले नियम वाचूनच कर.

स्वच्छतागृहाचं आज बोलू. दिवसभर पाणी न पिता तास करणारी मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नकोस, शरीर त्याची किंमत वसूल करतं. कुलूप लागणारं, एका माणसापुरतं कुठलंही स्वच्छतागृह वापरायची परवानगी माग. बऱ्याच इमारतींत स्टाफसाठी असं एक असतं आणि त्याची किल्ली कोणाकडे तरी असते. वसतिगृहासाठीही आधीच लिही. स्वतंत्र खोली मिळाली तर बरं, पण मजल्याच्या टोकाला एकटं टाकत असतील तर तेही लेखी नाकार.

आणि समुपदेशकाने ‘हे बरं होईल’ म्हटलं, तर तिथून ऊठ. ओळख बदलू पाहणाऱ्या अशा तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. रात्री फार जड गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरव. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिथेही नाव सांगायलाच हवं असं नाही.

अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव, वाचून देते. नावाची जागा सध्या रिकामी ठेवलीस तरी चालेल.

तुझी,
मॅडम