नेते अपशब्द वापरतात आणि नंतर ‘तुम्ही चुकीचं ऐकलंत’ म्हणतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की माईक चालू असताना एखादा नेता कुणाला तरी टाकून बोलतो, सगळ्यांना ते ऐकू येतं, आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, ‘मी तसं बोललोच नाही, ऐकणाऱ्यांची चूक झाली.’ अशा वेळी तो धडधडीत खोटं बोलत असतो, की ऐकण्यात खरंच गफलत होऊ शकते? आणि आपण ठरवायचं कशावरून?

गफलत होते, आणि वाटते त्यापेक्षा बरीच जास्त होते. म्हणून तर ही सबब चालते. माणसाचा कान खरोखरच फसतो, त्याचा आधार तिला मिळतो. पण तेवढ्यावरून हात टेकायचं कारण नाही. शब्द अस्पष्ट असला तरी त्याच्या आजूबाजूला पुष्कळ काही स्पष्ट असतं. मी आधी तिकडे बघते.

ध्वनिमुद्रणं ऐकून मजकूर उतरवणं हे माझं काम आहे. मुलाखती, सभा, बैठका असं सगळं असतं. हेडफोन लावून तेच दोन सेकंद पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचे, हा रोजचा उद्योग. त्यातून एक गोष्ट पक्की कळते: पुसट शब्द कुणी आधी सुचवला की तो तसाच ऐकू यायला लागतो. शेजारची सहकारी म्हणाली, ‘अगं, तो करार म्हणतोय,’ की त्या खरखरीतून ‘करार’च बाहेर येतो. मघाशी आपल्याला ‘प्रकार’ ऐकू आला होता, तो आता कितीही कान दिला तरी परत सापडत नाही. म्हणून आम्ही वादाचा तुकडा दोघींनी स्वतंत्रपणे ऐकतो, एकमेकींना न सांगता लिहितो आणि मग ताडून बघतो. नाहीच जुळलं तर कंसात ‘अस्पष्ट’ लिहून पुढे जातो.

याला प्रयोगांचाही आधार आहे. १९७० साली रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला ‘स’ कापून काढला आणि तिथे खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच काही गाळलेलं आहे हे कळलं नाही. गेलेला ‘स’ त्यांच्या मेंदूने आपणहून भरला होता. पुढे १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की आवाज ‘बा’चा आणि ओठांची हालचाल ‘गा’ची असेल, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येतं. म्हणजे आपण डोळ्यांनीही ऐकतो, आणि अपेक्षेनेही.

आता नेत्यांकडे येऊ. १९ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधान थेरेसा मे बोलत असताना विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन खाली बसून काहीतरी पुटपुटले. ते ‘स्टुपिड वुमन’ म्हणाले असा आरोप झाला. त्यांनी नंतर सभागृहात येऊन सांगितलं की आपण ‘स्टुपिड पीपल’ म्हणालो, आणि तेही या चर्चेचा तमाशा करणाऱ्यांना उद्देशून. आवाज टिपला गेलेला नव्हता, होते फक्त ओठ. ‘पीपल’ म्हणताना ओठ आधी मिटावे लागतात, ‘वुमन’ला ते गोल होतात. घरी आरशासमोर म्हणून बघा, फरक कळतो. ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्या ज्या जाणकारांना बातमीदारांनी विचारलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा कौल ‘वुमन’कडे होता. सभापती जॉन बर्को यांनीही तज्ज्ञांचं मत घेतलं, पण शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही असं सांगून सदस्याचा शब्द प्रमाण मानायचा या संकेतावर त्यांनी विषय संपवला.

या खुलाशात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॉर्बिन यांनी ‘स्टुपिड’ नाकारलंच नाही. नाकारला तो फक्त पुढचा शब्द, कारण राजकीयदृष्ट्या जड जाणार होता तो तोच. ‘चुकीचं ऐकलंत’ या सबबीचं गमक मला इथे दिसतं. अख्खं वाक्य सहसा कुणी नाकारत नाही. वाक्यातला एकच शब्द बदलून मागितला जातो, आणि तो नेमका असा शब्द असतो की ज्यामुळे खुर्ची, मतं किंवा मैत्री धोक्यात येते. बाकीचा उर्मटपणा तसाच राहतो, पण त्याकडे लक्ष जात नाही, कारण तोवर सगळा देश त्या एका शब्दाच्या उच्चारावर भांडत असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल न्यूयॉर्कमध्ये एका परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन यांना थोडा वेळ भेटले. तिथून बाहेर पडता पडता ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. ‘एमबीसी’ या कोरियन वाहिनीने ते पडद्यावर शब्दांचा मथळा लावून दाखवलं: संसदेतल्या ‘या’ लोकांनी (इथे एक शिवी होती) मंजुरी दिली नाही, तर बायडन यांची काय लाज जाईल! वाहिनीने ‘संसद’ या शब्दाजवळ कंसात ‘अमेरिका’ असंही घातलं होतं. बऱ्याच तासांनी अध्यक्षांच्या कार्यालयाकडून खुलासा आला की ते ‘बायडन’ म्हणालेच नाहीत. उच्चाराला जवळ जाणारा, ‘उडवून लावलं तर’ अशा अर्थाचा एक कोरियन शब्द होता तो, आणि संसद म्हणजे कोरियाची संसद.

हा खुलासा मान्य केला, तर शिवी कुठे गेली? ती अमेरिकी काँग्रेसवरून उचलून आपल्याच देशाच्या, लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर आणून ठेवली गेली. मित्रराष्ट्राची खप्पामर्जी टळली, आणि तेवढं पुरे असं कुणीतरी ठरवलं. मायदेशी परतल्यावर यून यांनी खेद व्यक्त केला नाही. वस्तुस्थितीला सोडून केलेल्या बातम्यांनी अमेरिकेशी असलेल्या युतीला धक्का बसतो आणि जनता धोक्यात येते, अशा आशयाचं ते बोलले. नोव्हेंबरमध्ये परदेश दौऱ्यावर जाताना ‘एमबीसी’च्या बातमीदारांना अध्यक्षांच्या विमानात जागा नाकारली गेली. परराष्ट्र मंत्रालय वाहिनीविरुद्ध न्यायालयात गेलं. न्यायालयाने आवाजाची तपासणी करवली, तर तज्ज्ञालाही तो शब्द कोणता हे ठरवता आलं नाही. तरीही जानेवारी २०२४ मध्ये सोलच्या न्यायालयाने वाहिनीला दुरुस्ती प्रसारित करायला सांगितलं. वाहिनीने त्यावर अपील केलं.

या प्रकरणात मला दोन्ही बाजूंचं खटकतं. मथळा आधी दाखवून मग आवाज ऐकवला की प्रेक्षकाला स्वतः ऐकायची संधीच उरत नाही. ‘बायडन’ लिहिलेलं वाचत वाचत ऐकणाऱ्याला ‘बायडन’च ऐकू येणार. पण उलट बाजूने सरकारनेही तेच केलं. नवा शब्द हातात दिला आणि सांगितलं, आता हा धरून ऐका. आणि जिथे तज्ज्ञ ‘कळत नाही’ म्हणतो, तिथे प्रामाणिक नोंद ‘अस्पष्ट’ एवढीच होऊ शकते. बातमीदाराच्या बाजूने नाही, तशी सत्तेच्याही बाजूने नाही.

मग आवाजच नसेल तर काही ठरवताच येत नाही का? येतं. ब्रिटनमधलेच अँड्र्यू मिचेल सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद होते. १९ सप्टेंबर २०१२ च्या संध्याकाळी त्यांना पंतप्रधानांचं निवासस्थान असलेल्या डाउनिंग स्ट्रीटच्या मोठ्या फाटकातून सायकल बाहेर काढायची होती. पोलिसांनी बाजूच्या छोट्या फाटकाने जायला सांगितलं आणि खडाजंगी उडाली. आपण शिवी हासडली हे मिचेल यांनी मान्य केलं. फक्त ‘प्लेब’, म्हणजे हलक्या कुळातला, हा शब्द उच्चारला नाही यावर ते ठाम राहिले. पुन्हा तेच, एकच शब्द. महिनाभरात त्यांना पद सोडावं लागलं. पुढे असं निघालं की आपण ते सगळं पाहिलं असं सांगणारा एक पोलीस तिथे नव्हताच. खोटं बोलल्याबद्दल त्याला तुरुंगात जावं लागलं. त्यामुळे मिचेल यांच्या म्हणण्याला वजन आलं, आणि ते योग्यच होतं. अखेर त्यांनी एका वृत्तपत्रावर बदनामीचा दावा लावला. तिथे आवाजाचा एकही पुरावा नव्हता. सीसीटीव्हीची चित्रं होती, तीही मुकी. न्यायाधीशांनी फाटकावरच्या पोलिसाने त्याच संध्याकाळी केलेली नोंद पाहिली, सगळ्यांच्या साक्षी ऐकल्या, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की मिचेल तो शब्द किंवा त्याच्या अगदी जवळचं काहीतरी बोलले होते. फाटकावरचा हा पोलीस ऐन वेळी अशी गोष्ट रचण्याच्या कुवतीचा किंवा वृत्तीचा माणूस वाटत नाही, असं त्यांनी म्हटलं.

म्हणून कुठल्याही क्लिपबद्दल मी आधी विचारते: नकार कधी आला? तिथल्या तिथे आला, की क्लिप पसरल्यावर आणि सल्लागारांची बैठक झाल्यावर? मग नेता जो शब्द सुचवतोय तो वाक्यात घालून पाहते. अर्थ लागतो का? तो शब्द त्या क्षणी, त्या माणसाच्या तोंडी, समोर जे चाललं होतं त्याला धरून येतो का? खुलासा दर दिवशी बदलत असेल तर माझा विश्वास तिथेच उडतो. आधी ‘बोललोच नाही’, मग ‘त्याला उद्देशून नव्हतं’, मग ‘विपर्यास केला’. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. विपर्यास व्हायला आधी बोललेलं असावं लागतं.

कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये संसदेत ओठ हलवून शिवी दिल्याचा आरोप झाला, तेव्हा ओठ हलवले एवढं कबूल करून ते म्हणाले की ‘फडल डडल’ की असंच काहीतरी होतं. लोक हसले आणि ते सुटले. त्यांचा मुलगा जस्टिन विरोधी बाकांवर असताना, डिसेंबर २०११ मध्ये, त्याने पर्यावरणमंत्र्यांना सभागृहात शिवी दिली. तो लगेच उभा राहिला, शब्द मागे घेतला आणि बिनशर्त माफी मागितली. बापाच्या हजरजबाबीपणाचं आजही कौतुक होतं. मला मुलाचं वागणं कितीतरी मोठं वाटतं.

कारण ज्याला बोललं गेलं, त्याचं काय होतं ते मी बघते. माफी मिळाली तर त्याच्यापुरता तरी न्याय होतो. ‘चुकीचं ऐकलंत’ म्हटलं की तोच आरोपी होतो: तुझे कान तपास, पुरावा आण, एवढं का मनाला लावून घेतोस. थेरेसा मे पंतप्रधान होत्या, त्यांना फार फरक पडला नसेल. पण सभेत साध्या शिपायाला, महिला कार्यकर्तीला किंवा प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला कुणी असं बोललं, तर त्याच्या कानावर कोण विश्वास ठेवणार? त्याच्याकडे ना प्रवक्ता असतो, ना वकील.

यावर एक उपाय आपल्या हातात आहे: पूर्ण, मथळा नसलेलं मूळ ध्वनिमुद्रण मागायचं. छापील इतिवृत्तावर विसंबून चालत नाही; लोकसभेत नियम ३८० खाली अध्यक्षांना असभ्य किंवा बदनामीकारक शब्द कामकाजातून काढून टाकता येतात, मग तिथे शोधून काही सापडत नाही. वाहिन्यांनी आधी नुसता आवाज ऐकवावा, आपला अंदाज नंतर सांगावा, आणि जिथे कळत नाही तिथे तसं लिहावं. आणि ‘मी ते म्हणालो नाही’ म्हणणाऱ्या नेत्याने आपलं पूर्ण वाक्य काय होतं आणि ते कुणाला उद्देशून होतं, हे त्याच दिवशी प्रवक्त्याला पुढे न करता स्वतः म्हणून दाखवावं.