मित्राला दम्याचा झटका आला तर: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

दम्यावर आलेल्या प्रश्नांत यावेळी पेशंटपेक्षा त्यांच्या शेजारी असणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत: रूममेट, ट्रेकचे सोबती, ऑफिसातले सहकारी. ते योग्यच आहे. झटका जोरात असेल तर पेशंटला बोलताही येत नाही, मग जे काही करायचं ते शेजारच्यालाच करावं लागतं. खालची उत्तरं मोठ्या माणसांसाठी आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहेत. अगदी लहान मुलांना स्पेसरला (पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीला) मास्क लावावा लागतो आणि त्यांना दवाखान्यात नेण्याची घाईही जास्त करावी लागते.

प्रश्न: होस्टेलमध्ये माझ्या रूममेटला रात्री अचानक दम लागतो. त्या वेळी कोणत्या क्रमाने काय करायचं? (पुणे)

आधी त्याला बसवा. ताठ, किंवा किंचित पुढे झुकून, हात टेबलावर टेकवून. खुर्चीवर उलटं बसून तिच्या पाठीवर हात ठेवले तरी बरं वाटतं. ‘जरा पड’ म्हणून आडवं करू नका. दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त कष्ट पडतात. छाती आधीच अडकलेल्या हवेने फुगलेली असते, त्यात आडवं झालं की पोट खालून दाबतं. शर्टाची वरची बटणं सैल करा, खोलीत अगरबत्ती किंवा मच्छर कॉइल पेटलेली असेल तर विझवून बाहेर ठेवा.

मग निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉलचा इनहेलर. टोपण काढा आणि तोंडाच्या भागात काही अडकलेलं नाही ना ते बघा. बॅगेत टोपणाशिवाय पडलेल्या पंपात नाणं किंवा सुपारीचा तुकडा जाऊन बसू शकतो. पंप चार-पाच वेळा हलवा, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. रूममेटने स्पेसरचं तोंड ओठांत घट्ट धरलं की एकदाच दाबा. त्याने स्पेसरमधूनच ४ श्वास घ्यायचे, शांतपणे. पुन्हा हलवा, पुन्हा १ पफ, पुन्हा ४ श्वास. असे एकूण ४ पफ द्या. मग मोबाइलवर वेळ लावून ४ मिनिटं थांबा. फरक पडला नाही किंवा थोडाच पडला, तर आणखी ४ पफ त्याच पद्धतीने द्या आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ पफ चालू ठेवा. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचारात हीच पद्धत ४-४-४ म्हणून शिकवतात. लक्षात ठेवायला इतकी सोपी आहे की घाबरलेल्या माणसालाही जमते.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे चारही पफ एकदम स्पेसरमध्ये मारणं. औषधाचे थेंब एकमेकांना आणि प्लॅस्टिकला चिकटतात, छातीपर्यंत फार थोडं पोचतं. दुसरी चूक अधिक महाग पडते: एक-दोन पफ देऊन ‘आता बघू’ म्हणत अर्धा तास थांबणं. झटक्यात माणसं बहुतेक औषध कमी पडल्याने आणि उशिरा मिळाल्याने अडचणीत येतात.

पुढचं काहीही दिसलं तर चार मिनिटांची वाट न बघता लगेच १०८ ला फोन करा आणि पफ देत राहा: एका श्वासात वाक्य पूर्ण होत नाही, एक-दोन शब्दच निघतात, गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जाते, श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त (३० सेकंद मोजून दुप्पट करा), ओठांच्या आतली बाजू किंवा जीभ निळसर, तो गोंधळल्यासारखा बोलतोय किंवा त्याला गुंगी येतेय. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे घरघर अचानक बंद होणं. दम तसाच आहे, माणूस थकत चाललाय आणि छातीतला आवाज मात्र थांबलाय, याचा अर्थ आवाज होण्याइतकीही हवा आत-बाहेर जात नाहीये. तिथे ‘आवाज थांबला, बरं वाटतंय’ असं समजू नका.

त्याच्याशी हो-नाहीत उत्तर देता येईल असंच बोला, मान हलवू दे. भोवती गर्दी नको. आणि त्याला एकटं सोडून वॉचमनला बोलवायला स्वतः जाऊ नका, दुसऱ्याला पाठवा.

प्रश्न: मैत्रिणीकडे तीन वेगवेगळे पंप आहेत. झटक्यात कोणता द्यायचा? (नाशिक)

रंगावर पूर्ण विसंबू नका, डब्यावरचं नाव वाचा. तातडीचा पंप म्हणजे सालब्युटामॉल (उदाहरणार्थ अस्थालिन, एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम) किंवा लिव्होसालब्युटामॉल (लिव्होलिन, ५० मायक्रोग्रॅम). आकडा अर्धा दिसला तरी पफची संख्या तीच ठेवायची. याचा परिणाम काही मिनिटांत जाणवू लागतो.

नुसत्या स्टेरॉइडचा, म्हणजे सूज कमी करणारा पंप रोज घ्यायचा असतो, तो झटका आल्यावर मारून तेव्हा उपयोग नाही. सालमेटेरॉल असलेल्या पंपाचंही (सेरोफ्लो वगैरे) तसंच. ते उशिरा काम सुरू करतं. फॉरमोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंप (फोराकोर्ट वगैरे) मात्र लवकर काम करतो, आणि २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनात मोठ्यांसाठी त्रास होईल तेव्हा घ्यायचा पंप म्हणूनही त्याला पसंती आहे. डॉक्टरांनी तिला तशी योजना लिहून दिली असेल तर १-१ पफ करून, एका झटक्यात जास्तीत जास्त ६. तिच्याकडचा कागद आजच शांतपणे वाचा आणि तातडीच्या पंपावर मार्करने मोठी खूण करून ठेवा. रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र, म्हणजे रोटाहेलर, तिच्याकडे असेल तर एक अडचण ध्यानात घ्या. त्यातली पावडर आत जायला जोरात आणि खोल श्वास ओढावा लागतो आणि जोरदार झटक्यात नेमकं तेच जमत नाही. तिने चुकून यंत्रात उलटा श्वास सोडला तर पावडर ओली होऊन चिकटते. म्हणून घरात कॅप्सूल असल्या तरी तातडीसाठी दाबायचा पंप आणि स्पेसर वेगळा असावा. आणि घाबरून ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायला देऊ नका, गिळून तिचा उपयोग होत नाही.

प्रश्न: आम्ही सह्याद्रीत ट्रेकला जातो. ग्रुपमधल्या एकाला दमा आहे. गडावर स्पेसर नसेल, रेंज नसेल तर? (ठाणे)

स्पेसर बनवता येतो. अर्ध्या लिटरची कोरडी प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं, लंबगोल भोक चाकूने पाडा. पंप त्यात बसवून भोवतीची फट चिकटपट्टीने किंवा हाताच्या मुठीने बंद करा. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं आणि वर सांगितल्याप्रमाणे १ पफ, ४ श्वास. ही निव्वळ जुगाडाची गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी दमा असलेल्या मुलांवर ५०० मिलिलिटरची बाटली वापरून पाहिली, आणि ती विकतच्या स्पेसरच्या तोडीची निघाली. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. थर्माकोलचा कप त्या मानाने कमी पडला, तेव्हा बाटलीच बरी.

निघण्याआधी घरी वेळ असेल तर बाटली साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाऱ्यावर वाळवा. कोरड्या फडक्याने पुसली की प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटतं. विकतच्या प्लॅस्टिक स्पेसरलाही हेच लागू.

बाटलीही नसेल तर थेट तोंडात: आधी श्वास पूर्ण सोडायचा, हळू आत घेताना सुरुवातीलाच पंप दाबायचा, आणि जमेल तितका, चार सेकंद तरी, श्वास रोखायचा. पंप आठवडाभर वापरला नसेल तर पहिले २ फवारे हवेत सोडा.

पंपात औषध आहे का, हे हलवून कळत नाही. दाबायच्या साध्या पंपात बहुधा २०० पफ असतात. ते संपल्यावरही आतला ढकलणारा वायू उरतो आणि फवारा उडत राहतो. डबी पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या, नाहीतर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला दमा आहे त्याचा पंप त्याच्या खिशात आणि दुसरा ग्रुप लीडरच्या सॅकमध्ये असल्याशिवाय गड चढू नये. रेंज नसेल तर झटका थोडा ओसरताच खाली उतरायची तयारी करा, त्याचं सामान दुसऱ्याने घ्या, एक-दोघांना रेंज असलेल्या ठिकाणी पुढे पाठवा. शिखर पुढच्या वेळी.

प्रश्न: शेजारच्या काकू म्हणतात, गरम पाण्याची वाफ द्या, छातीला बाम चोळा. दवाखान्यातही वाफच देतात ना? (सातारा)

शब्द एक आणि गोष्टी दोन, त्यामुळे हा गोंधळ खूप घरांत होतो. दवाखान्यात ‘वाफ’ म्हणतात ती नेब्युलायझरची. ते यंत्र सालब्युटामॉलसारख्या औषधाचं बारीक धुकं करतं, त्यात उकळतं पाणी नसतं. घरच्या पातेल्यातल्या वाफेत औषधच नाही. ती श्वासनळ्या उघडत नाही, काहींचा त्रास वाढतो, आणि दम लागलेला माणूस धडपडला तर भाजतो ते वेगळंच. बामाच्या उग्र वासानेही काहींच्या नळ्या आणखी आवळतात. काकूंना दुखवायचं नसेल तर त्यांना पंपाच्या ४ मिनिटांचं घड्याळ सांभाळायला सांगा, त्यांची मदतच होईल.

झोपेची किंवा ‘शांत व्हायची’ गोळी मुळीच देऊ नका, तिने श्वासाची प्रेरणा मंदावते. कडक कॉफीने नळ्या किंचित सैल होतात हे खरं, पण तो परिणाम फार दुबळा आहे, पंपाची जागा ती घेत नाही.

प्रश्न: इतके पफ दिले तर हृदयावर परिणाम होणार नाही का? आणि सवय लागली तर? (नागपूर)

हात थरथरतील, छाती धडधडेल, हे या औषधाचे ओळखीचे परिणाम आहेत आणि बहुतेक थोड्या वेळाने ओसरतात. प्राणवायू कमी पडल्याने हृदयावर येणारा ताण त्यापेक्षा खूप मोठा असतो. दवाखान्यातही जोरदार झटक्यात पहिल्या तासात दर २० मिनिटांनी ४ ते १० पफ देतात. आधीपासून हृदयरोग असेल तरी झटक्यात पंप अडवून ठेवू नका, फक्त रुग्णवाहिका लवकर बोलवा.

नशेसारखी सवय लागत नाही. पण निळा पंप वारंवार लागतोय, आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त, तर दमा आटोक्यात नाही, हा त्याचा अर्थ. तेव्हा रोजचा, सूज कमी करणारा पंप सुरू करायचा किंवा वाढवायचा असतो.

प्रश्न: पंप घेतल्यावर मित्र एकदम ठीक झाला आणि दवाखान्यात यायला तयार नाही. सोडून द्यावं का? (कोल्हापूर)

नाही. झटक्यात तीन गोष्टी होतात: नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. निळा पंप फक्त स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते, आणि काही तासांनी, बऱ्याचदा पहाटे, दम पुन्हा उसळतो. पंपाने वेळ मिळालाय, त्या वेळेत डॉक्टर गाठायचे आहेत. सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या लागू शकतात आणि त्यांचा परिणाम दिसायला चारेक तास जातात, म्हणून त्या उशिरा सुरू करून चालत नाहीत. गोळी आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील.

पंपाचा परिणाम ४ तासही टिकला नाही तर त्याच दिवशी थेट मोठ्या दवाखान्यात. टिकला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचंच. ती पहिली रात्र तुम्ही त्याच्या खोलीत झोपा, पंप आणि स्पेसर उशाशी, किती वाजता किती पफ दिले ते कागदावर. तो कागद डॉक्टरांना कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

प्रश्न: ऑक्सिमीटरवर ९६ दिसलं तर काळजी नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. माणूस जोरजोरात श्वास घेऊन आकडा बराच वेळ टिकवून धरतो, थकल्यावर तो एकदम घसरतो. ९२ च्या खाली गेला तर स्थिती जिवावरची धरा. ९६ असूनही त्याला वाक्य पुरं करता येत नसेल, तर वाक्यावर विश्वास ठेवा. नेलपॉलिश, थंड बोटं यांनीही आकडा चुकतो, आणि सावळ्या कातडीवर यंत्र थोडं जास्त दाखवू शकतं.

प्रश्न: सहकाऱ्याला दमा आहे की नाही हेच माहीत नसेल तर? आणि १०८ ला फोनवर काय सांगायचं? (पणजी)

जेवताना अचानक, गळा धरून, आवाजच निघत नसेल तर घास अडकलाय, तिथे पंप नाही, पाठीवर थाप आणि पोटावर झटके हवेत. मधमाशी चावल्यावर, औषध किंवा काही खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजलेला आणि दम, तर ती जीवघेणी ॲलर्जी, तिला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. वयस्कर माणूस, पाय सुजलेले, फेसाळ थुंकी, तर हृदयाचा विचार आधी. तिन्हीत फोन लगेच करा. छातीत सूं-सूं आवाज आहे, दमा असावा असं वाटतंय आणि दुसऱ्या कुणाचा निळा पंप हाताशी आहे, तर तो द्यायला हरकत नाही. दमा नसला तरी सालब्युटामॉलच्या ४ पफनी सहसा मोठं नुकसान होत नाही.

फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे पफ द्यायला हात मोकळे राहतात. पहिलं वाक्य पत्त्याचं: इमारत, मजला, जवळची ओळखीची खूण. मग ‘दम्याचा झटका आहे, पूर्ण वाक्य बोलता येत नाहीये’. मग वय आणि आतापर्यंत दिलेले पफ. फोन स्वतःहून ठेवू नका. कुणाला तरी फाटकाशी उभं करा, लिफ्ट तळमजल्यावर अडवून ठेवा आणि त्याची रोजची औषधं एका पिशवीत भरून बरोबर द्या.