स्मार्ट बोर्ड की जादा तास? सोलापूरच्या एका गणित शिक्षकाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर यंदा पालक म्हणून तुमची निवड झाली आहे. माजी विद्यार्थ्यांनी चार लाख रुपये जमवून दिलेत. काही सदस्य स्मार्ट बोर्ड घेऊ म्हणतात, काही दहावीला जादा तास लावू म्हणतात. मुलं खरंच पुढं जातील असं संशोधनानं पडताळलेलं काही आहे का?

आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रत्येक मूल नेमकं कुठं अडलंय ते तपासा, रोज एक तास त्याला तिथून शिकवा आणि पैसा त्या तासावर घाला. सोलापूरच्या पूर्व भागात बावीस वर्षं गणित शिकवतोय. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचा वर्ग, पट ५८, पूर्णांक संख्यांचा धडा चालू होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीची वही बघत राहावी अशी: समास आखलेला, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं गणित जसंच्या तसं उतरलेलं. घटक चाचणीत मात्र २० पैकी ३. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं आणि ६३ वजा २८ करायला सांगितलं. तिनं लिहिलं ४५. कसं केलंस विचारल्यावर एकेका अंकावर बोट ठेवत सांगू लागली, "आठातून तीन गेले पाच. सहातून दोन गेले चार." अगं, तीनातून आठ का नाही घेतलेस? "लहानातून मोठं जात नाही ना, सर." दुसरीत कधीतरी ऐकलेलं हे वाक्य तिनं पाच वर्षं प्रामाणिकपणे पाळलं होतं. त्या पाच वर्षांत तिच्या वह्यांवर आम्ही शिक्षकांनी किती सह्या केल्या असतील!

मी दहाच्या सहा नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, यातून मला २८ रुपये दे. दोन नोटा झटकन दिल्या. आठ रुपये द्यायचे तर हातात नाणी तीनच. थोडं थांबून म्हणाली, "चिल्लर आणायला लागेल, सर." घरी तेलुगू, शाळेत मराठी, पण चिल्लर हा शब्द दोन्हीकडं चालतो. मग एक नोट मोडली, दहा सुटे घेतले, आठ मला दिले. हातात उरले ३५. तिची आई विड्या वळायची आणि कारखान्यात विड्या देऊन हिशेब घ्यायला ही सोबत जायची. हिशेब तिला चोख येत होता, वहीतली हातच्याची वजाबाकी येत नव्हती. आणि मी तिला ऋण संख्या शिकवत होतो.

त्या आठवड्यात सगळ्या वर्गाची अशीच एकेक करून तपासणी केली. पोर्शनच्या मागं धावताना किती मुलं मागं सुटली होती ते त्या दिवसांत दिसलं. हे काही आमच्याच शाळेचं दुखणं नाही. शिक्षणात काम करणारी 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करते. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचता येणारी मुलं फक्त ४२.८ टक्के निघाली.

यावर आपल्याच देशात वर्षानुवर्षं प्रयोग झालेत. वडोदरा आणि मुंबईच्या शाळांत 'बालसखी' म्हणून वस्तीतल्याच शिकलेल्या मुली नेमल्या. तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या वीसेक मुलांना त्या रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या आणि मूलभूत वाचन-गणित करून घ्यायच्या. कोणत्या शाळेत बालसखी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळं तुलना पक्की झाली. मुलांचे गुण वाढले आणि सगळ्यात जास्त वाढले ते मागं असलेल्यांचे. हे तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढं बिहार आणि उत्तराखंडमध्ये शाळांना नुसतं साहित्य देऊन पाहिलं, काही हललं नाही. हरियाणात शाळेच्या वेळेतच रोजचा एक तास या मूलभूत शिकवण्यासाठी राखून ठेवला आणि त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणं न बसवता येण्याप्रमाणं बसवली. तिथं वाचन सुधारलं. म्हणून समितीत बसाल तेव्हा वेळापत्रकाचा कागद मागून घ्या. तो तास त्यात छापलेला नसेल तर ते काम होणार नाही, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

एक काळजी मात्र घ्या. हे गट तेवढ्या तासापुरतेच असावेत आणि दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलावेत. कायमची 'क' तुकडी करून त्यात सगळी अडलेली मुलं कोंबली, तर मुलं स्वतःला ढ समजायला लागतात. मी ते पाहिलंय. तिथून त्यांना बाहेर काढणं वजाबाकी शिकवण्यापेक्षा अवघड असतं.

आता रोजच्या तासाविषयी. आपल्याकडं उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा वाचून पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं झालं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं सकाळी आठवतं आणि मे महिन्यात पुसून जातं, ते यामुळंच. हे वाचल्यापासून माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं वही-पुस्तक बंद. फळ्यावर तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक दोन महिन्यांपूर्वीचा. गुण नाहीत, वहीत नोंद नाही. मुलं आधी कुरकुरतात, पंधरा दिवसांत सरावतात. याला एक पैसाही लागत नाही.

तशीच फुकटची दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून गप्प राहणं. मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. थांबणं तीन सेकंदांच्या पुढं गेलं की उत्तरं मोठी होतात आणि कधी न बोलणारी मुलं बोलतात. मी मनात दोनचा पाढा पाचापर्यंत म्हणतो, मगच नाव घेतो. ज्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार घरांतली मुलं आहेत, तिथं हे थांबणं जास्तच गरजेचं आहे. मूल आधी घरच्या भाषेत विचार करतं, मग शाळेच्या भाषेत सांगतं.

वह्या तपासण्याबद्दल शिक्षकांना जरूर विचारा, पण किती तपासल्या हे नको, काय लिहिलं हे विचारा. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा फक्त शेरा मिळालेल्यांत दिसली. गुण आणि शेरा दोन्ही दिले की मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. ५८ वह्यांत ओळभर शेरे लिहिणं होत नाही, हे मान्य. मी चुकलेल्या पायरीशेजारी फक्त एक टिंब देतो. काय चुकलं ते मुलानं शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दाखवायचं.

आता स्मार्ट बोर्डाचं. पेरू देशानं शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. नंतर तपासलं तर गणितात आणि भाषेत फरक नव्हता. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर संगणकानं प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे प्रश्न दिले, तेव्हा साडेचार महिन्यांत ठळक सुधारणा झाली. यंत्र तेच, फक्त मूल जिथं होतं तिथून सुरुवात केली. आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळीकडं त्यांनी पुस्तकांत घातलेल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. पण त्याआधी त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या कन्नडमध्ये आणला होता, तो भाग मला जास्त मोलाचा वाटतो. केनियात मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तकं फुकट वाटली तर फायदा आधीच हुशार असलेल्यांनाच झाला. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती.

दहावीच्या जादा तासांना माझा विरोध नाही. पण पाचवीत अडलेल्या मुलाला दहावीत सकाळी सातला बोलावून तेच प्रमेय पुन्हा फळ्यावर लिहून दाखवलं, तर त्याची फक्त झोप जाते.

म्हणून चार लाखांतून वस्तीतल्याच दोन-तीन पदवीधर मुली मानधनावर नेमा. एखादीला तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर फारच चांगलं. त्यांना पाचवी ते सातवीचा रोजचा एक तास द्या, शिक्षकांच्या सोबतीनं. थोडे पैसे गोष्टींच्या पुस्तकांना ठेवा.

पहिली तपासणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात करा, शेवटची जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, उठल्यावर. यात्रेच्या आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा असतो. दुसरीचं मराठीचं पुस्तक, हातच्याची एक वजाबाकी, तीन अंकी संख्येचा एका अंकानं भागाकार, एवढं पुरतं. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. मुख्याध्यापकांना विचारून त्या दिवशी तुम्हीही एका कोपऱ्यात बसा आणि पाच मुलांचं वाचन ऐका. मूल चुकलं तर टोकू नका, कुठं अडलं तेवढं लिहून घ्या. समितीच्या पुढच्या बैठकीला तो कागद सोबत न्या.