दोन रात्रींसाठी सोपवताना

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे, फिट्सही येतात. माझं ऑपरेशन आहे. दोन रात्री त्याला निवासी केंद्रात ठेवू का? मन धजावत नाही.

उत्तर : ताई, ठेवा, पण त्याआधी दिवसा काही तास ठेवून बघा. केंद्राला पहिला प्रश्न हाच विचारा : रात्री जागं कोण असतं? फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर तातडीची वैद्यकीय मदत लागते, हे ठळक लिहून द्या. घास किती मऊ हवा, भरवताना मान कशी धरायची, हे तुमच्यासमोर त्यांना करू द्या. दुखलं की तो कसा आवाज काढतो, तेही सांगा. ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं. आईबापांना अचानक येऊ न देणारं केंद्र मी तरी निवडणार नाही.