निनावी पेन ड्राइव्ह आणि लवाद

प्रश्न : परदेशी यंत्रपुरवठादाराविरुद्धचा आमचा लवाद सिंगापूरला सुरू आहे. लवाद मंडळाच्या पहिल्या आदेशात आयबीएचे (आंतरराष्ट्रीय वकील संघटनेचे) पुराव्याचे नियम मार्गदर्शक धरले आहेत. समोरच्या कंपनीतले अंतर्गत ई-मेल कुणीतरी पेन ड्राइव्हवर निनावी पाठवले. दाखल करता येतील?
– एक उद्योजक, चाकण

उत्तर : ई-मेल काढले कोणी, यावर बरेच अवलंबून आहे. तुमच्या माणसाने किंवा तुमच्या पैशाने काढले असतील, तर नाद सोडा. मेथानेक्स विरुद्ध अमेरिका प्रकरणात (निवाडा २००५) मेथानेक्सच्या बाजूने परक्या आवारातल्या कचऱ्यातून कागद उचलले गेले होते. मंडळाने ते वगळले. त्या कागदांत फारसा दम नव्हता, हेही नोंदवले. उलट कॅराट्यूब विरुद्ध कझाकस्तानमध्ये (२०१५) तिऱ्हाईत हॅकरांनी फोडून इंटरनेटवर टाकलेले सरकारी कागद घेतले गेले. वकील-अशिलातला गोपनीय पत्रव्यवहार तेवढा बाहेर राहिला. तुमचे ई-मेल मात्र जाहीर झालेले नाहीत, म्हणून तुमची बाजू कॅराट्यूबपेक्षा लंगडी.

आयबीए नियमांच्या २०२० च्या आवृत्तीत कलम ९.३ म्हणते की बेकायदा मिळवलेला पुरावा मंडळ वगळू शकते. ‘वगळावाच’ असे नाही. सगळी लढाई त्या ‘शकते’वर.

पेन ड्राइव्ह ऑफिसच्या संगणकाला लावू नका. फॉरेन्सिक तज्ज्ञाकडून हुबेहूब प्रत काढून हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा) नोंदवा, पाकीटही जपा. समोरच्यांच्या वकिलांचे ई-मेल प्रकरणाबाहेरच्या वकिलाकडून वेगळे काढून घ्या. तुमच्या वकिलाने ते वाचले, तर त्यालाच हटवण्याची मागणी होईल.

मग रेडफर्न तक्त्यात (समोरच्याकडून कागद मागण्याचा लवादातला ठरीव तक्ता) त्याच कागदांची रीतसर मागणी करा : काळ, कोणाकोणातला पत्रव्यवहार, विषय. (मिनिटासकट वेळ लिहिलीत की समोरचा काय ते ओळखेल. विचारलेच, तर खोटे बोलू नका.) कागद दिले, तर चोरीचा प्रश्नच मिटला. मंडळाने आदेश देऊनही दडवले, तर प्रतिकूल निष्कर्ष (कागद त्यांच्या विरोधातच होते असे मानणे) मागता येतो. शेवटच्या सुनावणीच्या तोंडावर काही काढू नका. ईडीएफ विरुद्ध रोमानियामध्ये (२००८) घरात चोरून केलेले ध्वनिमुद्रण उशिरा आले, त्यात अस्सलपणाचीही शंका. ते वगळले गेले.

प्रश्न : भारतात तर चोरून केलेले रेकॉर्डिंगही चालते ना?
– तेच वाचक

उत्तर : न्यायालयात, बहुधा हो. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) खटल्यात मुंबईच्या कॉरोनरचे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे) फोनवरचे बोलणे ग्राह्य धरले गेले. पण तिथे फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डॉक्टरांची रेकॉर्डिंगला संमती होती. तुमच्या लवादाचे स्थान सिंगापूर आहे, त्यामुळे हा निकाल मंडळावर बंधनकारक नाही. भारतात बसलेले मंडळसुद्धा १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम १९ नुसार पुरावा कायद्याला बांधलेले नसते.