कथेतला तसला हिरो आवडतो, म्हणजे माझ्यात काही बिघडलंय का?

समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच जणी एक गोष्ट फार उशिरा सांगतात. घरचं, सासरचं, नोकरीचं सगळं सांगून होतं, निघायची वेळ होते आणि मग पर्स उचलता उचलता म्हणतात, मॅडम अजून एक होतं, पण हसाल तुम्ही. ते म्हणजे एखादी सिरीयल, एखादी कादंबरी, मोबाईलवर रोज एक भाग येणारी प्रेमकथा आणि त्यातला एक माणूस, जो चांगला नाही हे त्यांना पक्कं माहितीये पण मनातून जात नाही. आवडतो पण आणि राग पण येतो, आणि आवडतो याचा स्वतःवर राग येतो तो वेगळाच. आता पुरुषही हे सांगायला लागलेत, कमी, पण लागलेत.

आज जिच्याबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिशीच्या आतली मुलगी, बँकेत नोकरी, घरात थोरली, साखरपुडा झालेला, लग्न काही महिन्यांवर. आली होती झोपेसाठी. रात्री दीड-दोनपर्यंत जाग, सकाळी डोकं जड, काउंटरवर एकदा कॅशचा हिशोब चुकला तेव्हा घाबरून आली. मी सुरुवातीला अहोजाहो करत होते तर तीच म्हणाली मॅडम मला अगं म्हणा, नाहीतर मला बँकेतच बसल्यासारखं वाटतंय.

झोप का लागत नाही तर रात्री साडेदहाला कथेचा नवा भाग येतो. तो वाचून झाला की पुढचा लॉक असतो, कॉइन देऊन उघडता येतो, तो उघडायचा, मग मागचे आवडते भाग परत काढून वाचायचे, मग खालच्या कमेंट्स. कथा मी तिच्याकडूनच ऐकली. हिरो श्रीमंत घरातला, वडिलांच्या अपमानाचा बदला म्हणून हिरॉइनशी लग्न करतो, तिचा मोबाईल काढून घेतो, तिच्या ऑफिसबाहेर गाडी लावून उभा राहतो, पाहुण्यांसमोर तिला घालूनपाडून बोलतो आणि त्याच रात्री तिला ताप आला तर उशाशी बसून पट्ट्या ठेवतो. हिरॉइन पण साधी नाही हं. तिने बहिणीच्या वाट्याचे पैसे दाबलेत, जुन्या मित्राशी लपून बोलते, नवऱ्याशी खोटं बोलते, आणि वेळ आली की त्याच्या तोंडावर ओरडून घर सोडून निघून जाते.

"खरं सांगू का मॅडम, तो खरा असता आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या मागे लागला असता तर मी स्वतः पोलीस स्टेशनला गेले असते. पण गोष्टीत तो आला की मला दुसरं काही सुचत नाही. आणि इकडे ज्याच्याशी लग्न ठरलंय तो चांगला आहे, खरंच चांगला आहे, पण त्याचा फोन आला की मला काही होत नाही. मला असलंच प्रेम हवंय का? मार खाणारं?"

हा शेवटचा प्रश्न विचारताना तिचा आवाज गेला. किती दिवस हा प्रश्न एकटीने घेऊन फिरत होती कुणास ठाऊक. कुणाला सांगणार, आईला?

मी तिला पहिल्यांदा एवढंच म्हटलं की तुला तो आवडतो आणि त्याचा राग पण येतो हे दोन्ही एकाच वेळी होतंय ना, मग तुझी बुद्धी जागी आहे. मला काळजी तेव्हा वाटली असती जेव्हा राग येणंच बंद झालं असतं. आणि हे आजकालच्या मोबाईलचं खूळ पण नाहीये. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपकात, म्हणजे नाटकांवरच्या संस्कृत ग्रंथात, नायकांचे प्रकार दिलेत त्यात अनुकूल (एकीशीच एकनिष्ठ) आणि दक्षिण (दुसरी आवडली तरी पहिलीशी प्रेमाने वागणारा) यांच्या सोबत शठ आणि धृष्ट पण आहेत, म्हणजे गोडगोड बोलून गुपचूप फसवणारा आणि फसवून वर निर्लज्जपणे समोर उभा राहणारा. हजार वर्षांपूर्वी लोकांनी यांना व्हिलन म्हणून बाहेर काढलेलं नाही, नायकांच्याच यादीत ठेवलंय. ती हे ऐकून जरा सैल झाली, कारण तोपर्यंत तिला वाटत होतं की असलं फक्त तिच्यासारख्या कमी वाचलेल्या मुलींनाच आवडतं, आणि हा समज मला अजिबात पटत नाही. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांना हसायची एक सवयच आहे लोकांना, त्या हसण्यानेच बायका लपून वाचतात आणि लपून वाचलेल्या गोष्टीबद्दल मोकळेपणी विचार करता येत नाही.

मग पुढच्या वेळी मी तिला म्हटलं, तुझा सगळ्यात आवडता भाग घेऊन ये आणि मला मोठ्याने वाचून दाखव. ती लाजली, पण वाचला. तो तापाच्या पट्ट्यांचा भाग होता. वाचताना मी तिला जिथे छातीत काहीतरी होतं तिथे थांबायला सांगितलं होतं. ती कुठे थांबली तर तो दार आपटतो तिथे नाही, तो तिला म्हणतो की तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीयेस, तिथे. दुसऱ्यांदा थांबली ती हिरॉइन बॅग उचलून निघते तिथे, आणि तिथे जास्त वेळ थांबली.

पहिलं मला अपेक्षित होतं. घरात वडील आजारी पडल्यापासून औषधं, बिलं, धाकट्या बहिणीची फी, सगळं हिच्याकडे. हिने खाल्लं का हे विचारणारं घरात कुणी नाही, सगळ्यांना वाटतं ही काय, ही करते सगळं. दुसरं मात्र तिलाच नवीन होतं. तिला हिरोपेक्षा ती खोटं बोलणारी, पैसे दाबणारी, भांडून निघून जाणारी बाई जास्त आवडत होती आणि त्याची तिला हिरोपेक्षाही जास्त लाज वाटत होती. "मी आजपर्यंत घरात आवाज चढवून एक वाक्य बोललेले नाही मॅडम," म्हणाली. थोरल्या मुलीला वाईट वागायची सोय नसते, कथेत ती सोय मिळते. हे मला फार मोलाचं वाटतं आणि मी ते काढून घ्यायला अजिबात तयार नाही.

पण सगळं असं उलगडून मोकळं होतं असं पण नाही. त्या हिरोच्या रागीटपणाचं, धोक्याचं जे आकर्षण तिला होतं ते होतंच. त्याच्यामागे दरवेळी लहानपणीची काहीतरी जखम असते असं मी मानत नाही. वाघ पिंजऱ्याबाहेरून बघायला सगळ्यांना आवडतं. आपण गादीवर सुरक्षित पडलेलो असतो, मोबाईल बंद करायचं बटण आपल्या हातात असतं, म्हणून ती धडधड सुखाची वाटते, खऱ्या घरात तीच धडधड झाली तर पोट बिघडतं आणि केस गळतात. हे दोन्ही अनुभव घेतलेल्या बायका माझ्याकडे येतात आणि त्या सांगतात की दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मग तिचा खरा प्रश्न उरला, की मी प्रत्यक्षातही असाच माणूस निवडेन का. इथे मी तिला शकुंतलेची गोष्ट सांगितली, कारण ती तिला शाळेपासून माहिती होती पण अर्धीच. आपल्याला सगळ्यांना अंगठी आणि दुर्वासाचा शाप आठवतो. तो शाप कालिदासाचा. महाभारतात आदिपर्वात शाप नाही, अंगठी पण नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो भर सभेत शकुंतलेला मी तुला ओळखत नाही म्हणतो, वाट्टेल ते बोलतो, आणि आकाशवाणी झाल्यावर सांगतो की मला माहीत होतं, लोकांनी संशय घेऊ नये म्हणून तसं वागलो. कालिदासाला नाटकाचा नायक हवा होता, प्रेक्षकांनी त्याला माफ करायला हवं होतं, म्हणून त्याने त्या वागण्याला एक कारण दिलं, माणूस वाईट नव्हता, शाप होता.

प्रेमकथा लिहिणारा प्रत्येक जण हे करतो. हिरो वाईट वागतो आणि लगेच पुढच्या पानावर आपल्याला त्याच्या मनातलं ऐकू येतं, की तो आतून किती तुटलाय. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (१९५९ची कादंबरी, तिच्यासाठी १९७४चं ज्ञानपीठ मिळालं) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात आणि जो बोलत असतो त्याच्यासाठी आपण त्या वेळेपुरते विरघळतो, ज्याच्यावर मागच्या प्रकरणात चिडलो होतो त्याच्यासाठीसुद्धा. वाचनाचं सगळ्यात मोठं सुख माझ्या मते हेच आहे, की ज्या माणसाला आपण घरात घेणार नाही त्याला आतून समजून घेता येतं. पण त्या समजून घेण्याला लेखकाची हमी असते. लेखक सांगतो की रागाखाली प्रेम आहे, म्हणून ते असतं. खऱ्या माणसाच्या बाबतीत अशी हमी द्यायला कुणी नसतं, त्याच्या मनातलं पान आपल्याला वाचायला मिळत नाही, दिसतं ते फक्त वागणं, आणि मनातलं पान बऱ्याचदा आपणच लिहून काढतो. तो मला टाकून बोलला पण त्याला कामाचं टेन्शन आहे. तो मोबाईल तपासतो पण लहानपणी त्याला आई सोडून गेली होती ना. म्हणजे शाप आपणच शोधून आणतो.

तिला हे इतकं पटलं की नंतर आमच्यात तो शब्दच झाला. काहीही सांगितलं की स्वतःच विचारायची, हे वागणं झालं की शाप?

इथे दुसऱ्या एका मुलीबद्दल थोडं सांगते कारण बाहेरून दोघींची गोष्ट सारखी वाटेल. कॉलेजमधली, तीही असल्याच कथा वाचणारी, पण तिचा खरा मित्र तिच्या क्लासबाहेर रोज उभा राहायचा, नको म्हटलं तरी, पासवर्ड मागायचा, मैत्रिणींशी बोलू द्यायचा नाही, आणि ती मला कौतुकाने सांगत होती की तो अगदी त्या अमुक हिरोसारखा आहे. तिच्याशी मी कथेबद्दल जवळपास बोललेच नाही. तिच्या सुरक्षिततेबद्दल बोलले. मुलगी स्पष्ट नाही म्हणत असताना पुन्हा पुन्हा मागे फिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि लग्न झालेलं असेल किंवा एकत्र राहत असाल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीसोबत शिवीगाळ, अपमान, पैशाची अडवणूक पण येते. कुणाला स्वतःच्या घरात असं काही दिसत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. कथा आवडणं आणि घरात भीती वाटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, दुसरीला थांबू नये.

आता परत आपल्या मुलीकडे. कथा सोडून दे असं मी तिला सांगितलं नाही. नवा भाग रात्री साडेदहाऐवजी दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये वाचायचा एवढंच ठरवलं, आणि कॉइन विकत घ्यायचे नाहीत. पहिला आठवडा जड गेला, मग झोप बरीच सुधारली. बरं, भागाच्या शेवटी मुद्दाम असा अडकवून ठेवलेला प्रसंग असतो की झोपेच्या वेळी तो वाचल्यावर कुणालाही झोप येणार नाही, यात तिचा कमकुवतपणा काहीच नव्हता.

होणाऱ्या नवऱ्याचं जरा अवघड होतं. फोन आला की काही होत नाही म्हणत होती ना, तर मी विचारलं की तुम्ही बोलता काय. जेवण झालं का, ऑफिस कसं होतं, हॉल बुक झाला का. ती त्याच्याशी पण थोरल्या मुलीसारखीच वागत होती, सगळं बरंय, चालेल, तुम्ही म्हणाल तसं. त्या हिरॉइनमधलं जे तिला आवडत होतं त्यातलं काहीच तिने या माणसासमोर आणलेलं नव्हतं, आणि मग त्याच्यात काय आहे काय नाही हे कळणार कसं? तो शांत आहे की नुसता गप्प आहे हे सुद्धा तिला सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास तिची प्रमोशनची परीक्षा लग्नाच्या तारखेच्या आसपास आली. तिने मला न विचारता त्याला फोन करून सांगितलं की तारीख पुढे ढकलायची, मला परीक्षा द्यायचीये, आणि नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल. आयुष्यात पहिल्यांदा असं बोलली. तो म्हणाला आईला विचारतो. तिचा पारा चढला, मला मेसेज, बघा मॅडम, याच्यापेक्षा तो हिरो बरा, निदान स्वतः तरी ठरवतो. मी म्हटलं थांब, वागणं पूर्ण होऊ दे. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, आई नाराज आहे पण मी बोललोय, परीक्षेनंतरची तारीख बघू. आणि मग म्हणाला की तू आधी का नाही बोललीस, मला वाटायचं तुला कशातच इंटरेस्ट नाही. त्यावर त्यांचं चांगलं तासभर भांडण झालं. ती मला सांगताना हसत होती.

तिने याच्याशी लग्न करावं की नाही हे मी सांगितलं नाही, सांगणारही नव्हते. धडधड अजून होत नाही असं ती म्हणते, पण आता फोन लवकर ठेवत नाही. कथा चालूच आहे, त्या हिरोला हिरॉइनने माफ केलं म्हणून ती मध्यंतरी खूप चिडली होती, तिच्या मते त्याने आधी बहिणीच्या आणि पाहुण्यांच्या समोर माफी मागायला हवी होती, आणि मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं. होणाऱ्या नवऱ्याला पण तिने ती वाचायला पाठवलीये, त्याचे आठ-दहा भाग झालेत. परीक्षा झाली, निकाल यायचाय. माझ्याकडे अजून येते, पण आता आमचं बोलणं बहुतेक वडिलांच्या आजारपणावर आणि लग्नानंतर घरचं कोण बघणार यावर चालतं, धाकट्या बहिणीला पण एकदा सोबत घेऊन ये असं मी तिला सांगितलंय.