मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकाचे सुटे पान संग्रहासाठी घ्यायचे आहे. ते अस्सल आहे हे कसे ओळखावे?

अस्सलपणाचे आधी सांगतो. चर्मपत्र उजेडात धरले की केसांच्या बाजूवर रोमछिद्रांचे बारीक ठिपके दिसतात, आणि सोन्याचा वर्ख लेपावर चढवलेला असल्यामुळे पान तिरके केले की अक्षर फुगीर दिसते. छापील नक्कल इथेच उघडी पडते. चित्रांबाबत मात्र जपावे, कारण ‘स्पॅनिश फोर्जर’ या नावाने ओळखला जाणारा नकलाकार खऱ्या जुन्या चर्मपत्रावरच नवी चित्रे रंगवीत असे. त्याच्या हिरव्या रंगातील तांबे-आर्सेनिकचे संयुग मध्ययुगात अस्तित्वातच नव्हते.

पण आपण खरे तर हे विचारायला हवे, की पान ग्रंथापासून कधी सुटले.

अकरा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये नोकरीला असताना मी पंधराव्या शतकातील ‘बुक ऑफ अवर्स’चे, म्हणजे प्रहरांच्या प्रार्थनापुस्तकाचे, एक पान घेतले. आठ प्रहरांच्या उपासनेतील शेवटची, म्हणजे कम्प्लाइनची सुरुवात त्यावर होती. ‘कन्व्हेर्ते’ या लॅटिन शब्दाचे सोनेरी आद्याक्षर निळ्या-तांबड्या चौकोनात बसवलेले होते. ग्रंथ शंभर वर्षांपूर्वीच विस्कटला, असे विक्रेत्याने सांगितले आणि मी विश्वास ठेवला. घरी भिंगाखाली पाहिले, तर तीन कडा मळकट तपकिरी आणि शिवणीकडची कड पांढरी, पात्याने कापलेली. दोन वर्षांनी एका लिलावाच्या यादीत दुसरे पान दिसले. त्यावर तितक्याच सोळा ओळी होत्या, तीच फिकट तांबडी आखणी होती, आणि माझ्या पानाच्या शेवटी ‘मिसेरि’वर तुटलेला शब्द तिथे पहिल्या ओळीत ‘कोर्दिया’ असा पुरा झाला होता. पुढे जुनी विक्रीयादी मिळाली. तो ग्रंथ जेमतेम वीस वर्षांपूर्वी बांधणीसकट, अखंड विकला गेला होता. एकेक पान विकून जास्त पैसे येतात, एवढ्यासाठी तो कापला गेला.

माझे थोरले बंधू तेव्हा म्हणाले, “आपल्या पोथ्यांची पानेही सुटीच असतात, त्यात एवढे काय?” हे उदाहरण साफ चुकीचे आहे. पोथीच्या पानावर पत्रांक असतो, सारी पाने एका बासनात राहतात, आणि पाने गहाळ झाली तर तिची नोंद ‘खंडित’ अशी होते. या प्रार्थनापुस्तकांना बहुधा मूळचे पृष्ठांक नसतात; पानांचा क्रम शिवणच सांभाळते. ती कापली की ग्रंथातील संतांच्या सणांचे कॅलेंडर एकाकडे आणि स्तोत्रे दुसऱ्याकडे जातात, आणि कॅलेंडरमधील स्थानिक संतांच्या दिवसांवरून ग्रंथ कोणत्या प्रदेशासाठी लिहिला गेला हे सांगणारा दुवाच नाहीसा होतो. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे ग्रंथसंग्राहक ऑटो एगे (मृत्यू १९५१) यांनी सामान्य माणसालाही मध्ययुगीन पान मिळावे म्हणून ग्रंथ फोडून पानांचे संच केले. आज अभ्यासक तीच पाने संगणकावर पुन्हा जुळवीत आहेत.

सर्वच सुटी पाने अशी नसतात, हेही सांगायला हवे. दीर्घकाळापूर्वी सुटलेले आणि जुन्या विक्रीची कागदपत्रे सोबत असलेले पान घेण्यास माझी हरकत नाही. पान कधी सुटले ते विक्रेत्याकडून लेखी मागा. त्याने टाळाटाळ केली तर पान सोडून द्या. घेतलेच, तर माप आणि ओळींच्या संख्येसह दोन्ही बाजूंची छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवा. मी ती ठेवल्यावर आणखी तीन पानांचे मालक पुढे आले. आता कम्प्लाइनची पाच पाने सलग लागतात. त्या क्रमाने लावलेली छायाचित्रे मी बंधूंनाही पाठवली आहेत.